कॅम्पसवरच्या जुन्या भित्तिचित्रांत विद्यार्थी कुठे शोधायचे?

जुन्या विद्यापीठांच्या आणि वसतिगृहांच्या भिंतींवरच्या चित्रांवरून त्या काळच्या विद्यार्थ्यांचं जगणं खरंच कळतं का, की ती नुसती संस्थेनं स्वतःसाठी केलेली आरास असते, असा प्रश्न आहे. माझं उत्तर : कळतं, आणि पुष्कळ कळतं. मात्र चित्रात काय दाखवलंय एवढंच पाहून थांबलात तर चुकीचं कळतं.

मी भित्तिचित्रांच्या जतनाचं काम करते. चित्राआधी मला भिंत दिसते. गिलावा कसला आहे, ओल कुठून चढतेय, रंगाचे पोपडे कुठे सुटलेत, मागाहून कुणी त्यावर रंग चढवलाय का, हे मी आधी बघते. या सवयीमुळे एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. सभागृहातल्या किंवा ग्रंथालयातल्या मोठ्या चित्रातून बहुतेक वेळा संस्था बोलत असते. आपला विद्यार्थी कसा असावा, याची तिची इच्छा तिथे रंगवलेली असते. खुद्द विद्यार्थी सापडतो तो दुसरीकडे : चित्र काढायला कुणाचे हात लागले, ते कोणत्या खोलीत आहे, हात पोचतो तेवढ्या उंचीवर त्याचं पुढे काय झालं, आणि कधी कुणी त्यावर चुना फासला, यात.

सगळ्यात ढळढळीत उदाहरण हायडेलबर्गचं. जर्मनीतल्या जुन्या विद्यापीठांना आपल्या विद्यार्थ्यांचा न्यायनिवाडा करण्याचा आणि त्यांना शिक्षा देण्याचा अधिकार होता. त्यासाठी विद्यापीठाची स्वतःची कोठडी असे, तिला कार्त्सर म्हणत. हायडेलबर्गची ही कोठडी १७७८ पासून १९१४ पर्यंत वापरात होती. रात्री दारू पिऊन रस्त्यात आरडाओरडा केला, पोलिसाशी हुज्जत घातली, शांतता मोडली की काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत आत बसावं लागे. आज तिथे भिंतीचा रिकामा तुकडा शोधावा लागतो, इतक्या त्या खोल्या आणि जिने चितारलेले आहेत. काजळीनं आणि रंगांनी काढलेल्या, एका बाजूनं दिसणाऱ्या चेहऱ्यांच्या छायाकृती, डोक्यावर आपापल्या विद्यार्थी-मंडळाची रंगीत टोपी, खाली नाव, कोठडीत आल्या-गेल्याच्या तारखा, कुठे कवितेच्या चार ओळी. खोल्यांना राजवाड्यांची आणि बड्या हॉटेलांची नावं दिलेली.

ही चित्रं कुणी सांगून काढून घेतलेली नाहीत, म्हणून त्यांचं मोल मोठं. पण ती वाचायची कशी? शिक्षा भोगणाऱ्याला दिवसा व्याख्यानाला जायची मुभा होती, हे आधी लक्षात घ्या. म्हणजे कोठडीतली संध्याकाळ ही हद्दपारी नव्हती, तो जवळजवळ एक बैठकीचा अड्डा होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तर निदान एकदा तरी आत जाऊन येणं विद्यार्थ्याला भूषणाचं वाटू लागलं होतं. भिंतीवरचा तोरा त्यातून आला आहे. मग टोप्यांकडे बघा. तिथे माणूस ओळखला जातो तो त्याच्या मंडळाच्या रंगावरून. कोण काय शिकत होता, याला फारसं महत्त्व दिलेलं दिसत नाही. एखाद्या पिढीला स्वतःची ओळख कशात वाटत होती, याचा इतका सरळ पुरावा कागदपत्रांत क्वचितच मिळतो.

आणि मग, या भिंतीवर कोण नाही ते बघा. बाडेन संस्थानानं, ज्यात हायडेलबर्ग येतं, १९०० साली स्त्रियांना विद्यापीठांत रीतसर प्रवेश दिला. त्यानंतर चौदा वर्षं कोठडी चालू होती, तरी तिच्या भिंती पुरुषांच्याच राहिल्या. मंडळाची वर्गणी, टोपी, पोशाख, मद्याचा खर्च ज्याला झेपत नव्हता, तो गरीब विद्यार्थीही तिथे शोधून सापडायचा नाही. हायडेलबर्गची भिंत पाहून ‘तेव्हाचे जर्मन विद्यार्थी असे होते’ असं कुणी लिहिलं की मला राहवत नाही. तेव्हाच्या विद्यार्थ्यांतला एक बोलका, ऐपतदार गट असा होता, एवढंच ती भिंत सांगते. आणि तेवढं ती फार छान सांगते.

याच्या अगदी उलट टोकाला इटलीतलं बोलोन्या. तिथलं आर्किजिनाझिओ ही इमारत १५६३ पासून १८०३ पर्यंत विद्यापीठाचं मुख्य ठाणं होती. तिच्या भिंतींवर, छतांवर, कमानींत मिळून सुमारे ६,००० विद्यार्थ्यांची कुलचिन्हं आहेत, बरीचशी रंगवलेली, काही उठावात. विद्यार्थ्यांचे प्रांतवार संघ होते, आल्प्सच्या पलीकडून आलेल्यांचे वेगळे आणि अलीकडच्यांचे वेगळे. संघांतून निवडून आलेल्या प्रतिनिधींची चिन्हं भिंतीवर चढत. चिन्हासोबत नाव आणि गाव असल्यामुळे कोणत्या दशकात कुठल्या मुलखातून मुलं येत होती, याची ही भिंतभर नोंदवहीच झाली आहे. दुसऱ्या महायुद्धात, जानेवारी १९४४ मध्ये, इमारतीवर बॉम्ब पडले आणि काही भाग गेला. स्पेनमधल्या सालामांकात दगडी भिंतींवर गेरूसारख्या लाल रंगात ‘विक्तोर’ची गुंफलेली अक्षरं आणि शेजारी नाव दिसतं. डॉक्टरेट मिळवलेल्याचा तो जयजयकार. रंगात बैलाचं रक्त मिसळत, अशी तिथली परंपरा सांगते. या दोन्ही ठिकाणी दिसतो तो यशस्वी, निवडून आलेला, शिक्षण पुरं केलेला विद्यार्थी. अर्ध्यावर सोडून गेलेल्यांसाठी अशी भिंत कुठेच नसते.

आता शांतिनिकेतन. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण भित्तिचित्र आणि विद्यार्थिजीवन यांची इतकी घट्ट वीण मला दुसरीकडे दिसत नाही. १९१९ साली कला भवन हे तिथलं कलाशिक्षणाचं विद्यालय सुरू झालं आणि चित्रकार नंदलाल बोस यांच्या हाताखाली भिंत रंगवणं हा शिक्षणाचाच भाग झाला. १९२०च्या दशकाच्या शेवटाकडे जयपूरचे कारागीर नरसिंगलाल तिथे आले आणि त्यांच्याकडून गुरू आणि विद्यार्थी दोघांनीही जयपुरी पद्धत शिकून घेतली. त्या पद्धतीत मुरवलेल्या चुन्यात संगमरवराची भुकटी घालून थरावर थर देतात, ओल्या थरावर रंग भरतात, तो ठोकून बसवतात आणि अकीकाच्या दगडानं घोटून घोटून चकाकी आणतात. हे एकट्याचं काम नव्हेच. कुणी चुना मळायचा, कुणी रंग वाटायचे, कुणी थर द्यायचा, कुणी रेषा उचलायची, कुणी घोटायचं, आणि हे सगळं चुना सुकायच्या आत. अशा भिंतीसमोर उभं राहिलं की चित्राच्या विषयाआधी मला तिथली कामाची वाटणी दिसते. गुरू आणि विद्यार्थी एकाच परातीतला चुना वापरत होते, हे पुस्तकातल्या कुठल्याही ध्येयवाक्यापेक्षा जास्त सांगून जातं.

शांतिनिकेतनच्याच हिंदी भवनातलं, चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी यांचं मध्ययुगीन संतांवरचं विशाल चित्र १९४६-४७ मधलं. तीन भिंतींच्या वरच्या भागावर, ओल्या गिलाव्यावर काढलेलं. बिनोदबिहारींची दृष्टी जन्मापासून अधू होती आणि पुढे १९५०च्या दशकात ती पूर्ण गेली. मदतीला होते त्यात के. जी. सुब्रमण्यन आणि लीला मुखर्जी. सुब्रमण्यन तेव्हा तिथे विद्यार्थी होते. पुढे कित्येक दशकांनी कला भवनाच्याच एका इमारतीला त्यांनी बाहेरून काळ्या-पांढऱ्या चित्रांनी मढवलं. ज्या परिसरात विद्यार्थी म्हणून गुरूच्या भिंतीला हात लावला तिथेच म्हातारपणी स्वतःची भिंत रंगवणं, ही साखळी कुठल्याही हजेरीपटात उमटत नाही. ती भिंतीतच वाचावी लागते.

पण शांतिनिकेतनच्या विद्यार्थ्यांचं जगणं हवं असेल तर मी संतांच्या चित्राकडे आधी पाठवणार नाही. दोन दुसऱ्या जागा सांगेन. एक, कला भवनाच्या वसतिगृहातलं छत. १९४० साली बिनोदबिहारींनी तिथे बीरभूमचा परिसर रंगवला : मधोमध तळं, भोवती झाडं, झोपड्या, गुरं, कामात असलेली माणसं. हे चित्र नीट बघायचं तर मान वर करावी लागते, किंवा पडून बघावं लागतं, आणि वसतिगृहात विद्यार्थी पडलेलाच असतो. प्रेक्षक कोण, तो कोणत्या अवस्थेत बघणार, हे ठरवून केलेलं काम आहे ते. देवादिकांच्या जागी शेजारच्या गावचं तळं आलं, यावरून त्या शाळेला विद्यार्थ्याची नजर कुठे वळवायची होती तेही कळतं. त्याच वसाहतीत १९३०च्या दशकात मातीची, डांबरानं काळी केलेली ‘कालो बारी’ उभी राहिली. ते विद्यार्थ्यांचं राहायचं घर. तिच्या भिंतींवरचे उठाव शिल्पकार रामकिंकर बैज यांच्यासारख्यांच्या जोडीनं विद्यार्थ्यांनी केलेले. त्यात भारहुतच्या बौद्ध स्तूपावरचं शिल्प आहे, इजिप्त आहे, असिरिया आहे. राहत्या घराची बाहेरची भिंत हीच सरावाची वही होती. डांबर लावल्यानं माती पावसापासून आणि वाळवीपासून वाचली. पैसा थोडा, हात पुष्कळ, अशा संस्थेची ती खूण आहे.

दुसरी जागा चीना भवन. १९४२ साली नंदलालांनी तिथे ‘नटीर पूजा’ रंगवली. हे रवींद्रनाथांचं १९२६चं नाटक, आश्रमातल्या मुलींनी करायचं म्हणून लिहिलेलं. नंदलालांची मुलगी गौरी हिनं त्यात नटीची भूमिका केली होती. भद्र घरच्या मुलींनी लोकांसमोर नाचावं, हे तेव्हा बंगालात सहज पचणारं नव्हतं. म्हणून या भिंतीकडे बघताना बौद्ध कथेचा देखावा एवढंच बघू नका. मुली रंगमंचावर आल्या, त्यांच्या नृत्याला संस्थेनं मान दिला आणि पुढे तो प्रसंग भिंतीवर कायमचा ठेवण्याजोगा मानला, ही या चित्रातली बातमी आहे. त्याच इमारतीत, त्याच वर्षी बिनोदबिहारींनी परिसरातलंच रोजचं जगणं चितारलं. एकाच छताखाली एक चित्र सणाच्या दिवसाचं आणि दुसरं साध्या दिवसाचं, अशी जोडी अभ्यासकाला सहसा मिळत नाही. दोन्ही एका बैठकीत पाहा.

इथे एक सावधगिरी मात्र घ्यायला हवी. शांतिनिकेतनच्या चित्रांत अजिंठ्याची रेषा मुरलेली आहे. एखाद्या आकृतीचं वस्त्र, बसण्याची ढब, हाताची मुद्रा ही परंपरेतून आलेली असू शकते. त्यावरून ‘१९३०मध्ये मुली अशाच बसत’ असं म्हणता येत नाही. छायाचित्राशी ताडून बघितल्याशिवाय चित्रातल्या पोशाखावर मी कधीच विसंबत नाही. वस्तूंवर जास्त विसंबते. कंदील, चप्पल, छत्री, वाद्य, पुस्तक धरायची पद्धत, अशा गोष्टी चित्रकार फार विचार न करता काढतो, आणि म्हणून त्या खऱ्या असण्याची शक्यता अधिक.

विद्यार्थ्यांना न विचारता त्यांच्या भिंती रंगवल्या गेल्या की काय होतं, तेही पाहण्यासारखं आहे. मेक्सिको शहरातल्या राष्ट्रीय पूर्वतयारी विद्यालयात, सान इल्देफोन्सोच्या जुन्या वास्तूत, १९२२पासून दिएगो रिव्हेरा, होसे क्लेमेंते ओरोस्को, दाविद अल्फारो सिकेरोस यांनी सरकारी आश्रयानं भिंती रंगवायला घेतल्या. आज ती मेक्सिकन भित्तिचित्र चळवळीची पंढरी मानली जाते. पण १९२४मध्ये तिथल्याच विद्यार्थ्यांनी ओरोस्को आणि सिकेरोस यांच्या चित्रांची नासधूस केली आणि काम थांबलं. ओरोस्को परत आले ते १९२६मध्ये. शेतकरी-कामगारांच्या क्रांतीची चित्रं ज्यांच्यासमोर काढली जात होती, ती मुलं बरीचशी सुस्थित, जुन्या वळणाच्या घरांतली होती. चित्र आणि विद्यार्थी यांच्यातली ही दरी चित्रात दिसत नाही, ती चित्राच्या जखमांत दिसते. आणि त्याच काळात तिथल्या मोजक्या मुलींपैकी एक होती फ्रिदा काहलो, पुढे स्वतःच मोठी चित्रकार झालेली. म्हणजे ‘विद्यार्थ्यांना हे आवडलं नाही’ असं सरसकट विधानही खरं नाही.

अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात तर दोन भिंती एकमेकींशी भांडल्या. ओरोस्कोंनी १९३२ ते १९३४मध्ये तिथल्या ग्रंथालयाच्या तळघरातल्या वाचनखोलीत अमेरिका खंडाचा इतिहास रंगवला. त्यातल्या एका भागात पदवीच्या झग्यातले सांगाडे उभे आहेत आणि एक सांगाडा दुसऱ्या सांगाड्याला जन्म देतोय. विद्वत्ता वांझ होते तेव्हा काय होतं, हे विद्यार्थ्यांच्या अभ्यासाच्या टेबलासमोरच! काही माजी विद्यार्थ्यांना ते खुपलं. त्यांच्यातल्याच वॉल्टर बीच हंफ्री यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस जेवणाच्या इमारतीतल्या एका खोलीत उत्तरादाखल दुसरी चित्रमाला काढली. एका जुन्या कॉलेजगीतावर बेतलेली, संस्थापक दारू घेऊन आलाय आणि मूळनिवासी त्यावर खूश होऊन झिंगलेत, स्त्रिया अर्धवस्त्रात. कॉलेज तेव्हा फक्त मुलांचं होतं. या दोन चित्रमालांतली कोणती तिथल्या विद्यार्थिजीवनाचा पुरावा म्हणून जास्त खरी? माझ्या मते दुसरी. कलेच्या तराजूत ती ओरोस्कोंच्या जवळपासही येत नाही, पण तिथल्या तरुण पुरुषांची आपापसातली थट्टा, त्यांना काय गमतीचं वाटायचं आणि कुणाची टिंगल बिनदिक्कत चालायची, हे तिच्यात जसंच्या तसं आहे. १९७२मध्ये मुलींना प्रवेश मिळाला, मूळनिवासी विद्यार्थी आले, त्यांनी आक्षेप घेतले. चित्रं झाकली गेली आणि २०१८मध्ये तिथून हलवली गेली. ती जेवणाच्या खोलीत राहू नयेत, हे मला पूर्ण पटतं. रोज तिथे जेवायला बसणाऱ्या मूळनिवासी मुलीनं स्वतःच्या आजीची ती चेष्टा का सोसावी? ती नष्ट झाली नाहीत, याचंही मला तितकंच समाधान आहे. झाकल्याचं वर्ष, हलवल्याचं वर्ष, ही सुद्धा विद्यार्थ्यांच्याच इतिहासातली सालं आहेत.

आता प्रत्यक्ष भिंत समोर असेल तर काय करायचं, ते सांगते. आधी तिरपा प्रकाश. खोलीत अंधार करून विजेरी भिंतीला जवळजवळ चिकटवून धरा. ओल्या गिलाव्यावरचं चित्र असेल तर एका दिवसात रंगवून होईल तेवढाच गिलावा लावलेला असतो, आणि दोन दिवसांच्या कामातला सांधा या उजेडात वर येतो. सांधे मोजले की किती दिवस काम चाललं याचा अंदाज येतो, आणि तुकड्या-तुकड्यांतला हात वेगळा असेल तर किती जण होते तेही. शिकाऊ हातांनी केलेल्या कामात सुरुवातीचे तुकडे बऱ्याचदा छोटे असतात, नंतर मोठे होत जातात.

मग उंचीप्रमाणे बघा. बाकावर बसल्यावर डोकं टेकतं त्या उंचीला तेलकट काळपट पट्टा असतो, त्यावरून बाक कुठे होते ते कळतं, भले आज तिथे काहीच नसो. खांद्याच्या उंचीवर खिळ्यांची, टाचण्यांची भोकं असतील तर तिथे सूचना लागत होत्या. नावं कोरलेली असतात ती बहुधा दाराजवळ आणि जिन्याच्या वळणावर, म्हणजे जिथे मुलं ताटकळत उभी राहायची तिथे. वरच्या भागात काजळीचा थर असेल तर दिव्यांचा काळ कळतो. ऑक्सफर्डच्या विद्यार्थी वादसभेच्या सभागृहात १८५७पासून रोझेटी, विल्यम मॉरिस, बर्न-जोन्स वगैरे तरुण चित्रकार मंडळींनी आर्थर राजाच्या कथा रंगवल्या. नव्या, ओल्या विटांवर नुसता चुन्याचा हात देऊन, नीट अस्तर न करता. ती चित्रं थोड्याच वर्षांत विटली आणि गॅसच्या दिव्यांच्या धुरानं उरलीसुरली कसर भरून काढली. त्या सभा रात्री उशिरापर्यंत दिव्यांखाली चालत, हे त्या काजळीनंच नोंदवून ठेवलं.

मागाहून केलेली डागडुजी ओळखणं फार गरजेचं आहे. नाहीतर साठ वर्षांनंतरच्या रंगाऱ्याची कल्पना तुम्ही मूळ विद्यार्थ्यांच्या माथी माराल. रंगाचा कणभर नमुना प्रयोगशाळेत दिला तर मदत होते. टायटॅनियमचा पांढरा रंग साधारण १९२०च्या आसपास बाजारात आला, तेव्हा एकोणिसाव्या शतकातल्या म्हणवल्या जाणाऱ्या चित्रात तो सापडला की तेवढा भाग नंतरचा, हे पक्कं. चुन्याचे थरही असेच मोजता येतात. वसतिगृहाच्या खोलीत दोन थरांच्या मध्ये पेन्सिलीतली बेरीज, सामन्याचे गुण किंवा एखादी घोषणा सापडणं अगदी शक्य असतं. नाणं किंवा सुरी घेऊन ते स्वतः खरवडायला मात्र जाऊ नका. व्हिनेगर, लिंबू, साबण, ओला फडका, यांतलं काहीही लावू नका. चुना आम्लात विरघळतो आणि त्याच्यासोबत रंग जातो. जुन्या चुन्याच्या भिंतीवर ‘संरक्षण’ म्हणून प्लास्टिक इमल्शन किंवा वार्निश चढवणं त्याहून वाईट. ओल आत कोंडते, क्षार फुलतात आणि चित्र पोपड्यांसकट खाली येतं.

घोषणा आणि भित्तिपत्रं यांच्याबद्दलही दोन शब्द सांगायला हवेत. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या भिंती कित्येक वर्षं विद्यार्थी संघटनांनी हातानं रंगवलेल्या मोठमोठ्या कागदांनी भरलेल्या असत. २०१९मध्ये प्रशासनानं त्या साफ केल्या. असं काम दरवर्षी नवं होतं आणि जुनं जातं, त्यामुळे ते कुणी वारसा मानत नाही. माझ्या लेखी विद्यार्थिजीवनाचा सर्वांत ताजा पुरावा तोच असतो. त्याचे फोटो दर वर्षी, तारखेसह काढून ठेवायला काहीही खर्च येत नाही.

तुमच्या संस्थेत जुनी भिंत असेल आणि रंगकाम निघालं असेल, तर काम सुरू होण्याआधी कपाटं, फळे आणि सूचनाफलक हलवून त्यांच्या मागची भिंत बघून घ्या. तिथला रंग उजेडापासून आणि हातांपासून वाचलेला असतो. मोजपट्टी शेजारी धरून, कोपऱ्यांसकट फोटो घ्या. मग माजी विद्यार्थ्यांकडे त्यांच्या काळच्या गटफोटोंची विचारणा करा. स्नेहसंमेलनाच्या किंवा निरोपसमारंभाच्या फोटोत रांगेमागे तीच भिंत असते, फोटोचं साल ठाऊक असतं, आणि त्या साली भिंतीवर काय होतं, काय नव्हतं, कुठला कोपरा आधीच खरवडला गेला होता, हे त्यावरून ठरवता येतं. त्या फोटोंच्या मूळ प्रती मागा. मोबाइलवर पुढे पाठवत आलेल्या फोटोत नेमकी मागची भिंतच धूसर होऊन जाते.